आधी समुद्र पाहा, मग टाकी उचला

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'परकं पाणी'. बाकीचे लेखक धरणं, कालवे आणि आंतरराज्य तंटे घेऊन बसतील असं गृहीत धरून मी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेची वाट धरली. तिथलं पाणी खरोखरच परकं आहे. अंदमानात, मालदीवला भरपूर बुड्या मारून आलेला माणूसही इथे पहिल्या दिवशी नवशिक्यासारखा धडपडतो. किनाऱ्यावरची जुनी मंडळी त्याला हसत नाहीत. शेजारी येऊन उभी राहतात, दोन प्रश्न विचारतात आणि मग सल्ला देतात. तो सल्ला काय असतो आणि कुठून आला, हे मला पाहायचं होतं.

सॅन होजेहून दक्षिणेला निघालं की गिलरॉयपाशी गाडीत लसणाचा वास शिरतो. पुढे कास्ट्रोव्हिलची आर्टिचोकची शेतं लागतात, आणि सव्वा-दीड तासात उपसागर दिसतो. बे एरियातली मराठी आयटी मंडळी ही वाट मत्स्यालय पाहायला किंवा देवमासे बघायला धरतात. मात्र त्यांतले काही जण शनिवारी अंधारातच निघतात. त्यांच्या डिकीत हवेच्या टाक्या, शिशाची वजनं, जाड रबरी सूट आणि गरम पाण्याचा एक भलामोठा जग असतो. हा जग चहासाठी नसतो.

वाहनतळावरची शाळा

मॉन्टेरे बंदराला दगडी बांध घातलेला आहे, त्याला सगळे ब्रेकवॉटर म्हणतात. बांधाच्या कुशीत सॅन कार्लोस बीच ही छोटी पुळण. वर हिरवळीचा तुकडा, अंग धुवायला नळ आणि वाहनतळ. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ पाणबुड्यांची पहिली बुडी इथलीच. बांधाच्या टोकाला समुद्रसिंहांचा कळप दिवसभर भुंकत असतो, आणि वारं तिकडून आलं की त्यांचा वासही गाडीपर्यंत पोचतो.

माझी वाटाडी मूळची कोल्हापूरची, सनीवेलला नोकरी करणारी इंजिनिअर. मी गाडीतून उतरलो तर म्हणाली, "काका, सूट नंतर. आधी इथे उभं राहून पाणी बघा." आम्ही बघत असतानाच भाड्याच्या गाडीतून एक जोडपं उतरलं. सोबत तीन मिलिमीटरचे पातळ सूट, चेहऱ्यावर सुट्टीचा आनंद. माझी वाटाडी नम्रपणे त्यांच्याजवळ गेली आणि तिनं विचारलं: शेवटची डाइव्ह कधी, कुठे, आणि किती वजन लावून?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून इथे सात मिलिमीटरचा सूट, डोक्याला हूड, जाड हातमोजे आणि बूट लागतात. या निओप्रिनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब त्यांनीच राखली जाते, आणि माणूस बुचासारखा तरंगतो तोही त्यांच्यामुळेच. उष्ण पाण्यात चार-पाच किलो शिसं पुरत असेल तर इथे दहा-बारा किलो किंवा त्याहूनही जास्त लागतं. आता गंमत अशी की दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे आवळतात, सूट पातळ होतो. म्हणजे खाली तुम्ही अधिक जड होता आणि अधिक गारठता, दोन्ही एकदम. अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात हवा भरून तोल सावरायचा, तर जाड मोज्यांतल्या बोटांना बटण लागत नाही. म्हणून स्थानिक लोक सांगतात की पहिली डाइव्ह काही बघण्यासाठी नाही, तोल जमवण्यासाठी. बांधालगत, सहा-सात मीटरवर, बस्स.

हूडची सवयही लागावी लागते. मास्कची रबरी कड हूडच्या आत, थेट कातडीवर बसली पाहिजे. हूडचा काठ मध्ये आला की मास्कमध्ये पाणी शिरत राहतं. हूडमधून गार पाणी एकाच कानात आधी घुसलं तर आतल्या कानातला तोल बिघडतो आणि काही क्षण सगळं गरगरतं. आता त्या जगाचं काम कळेल. उतरण्याआधी हूडमध्ये आणि मोज्यांमध्ये गरम पाणी ओतायचं. सूटमध्ये समुद्र शिरतो तेव्हा तो आधीच कोमट झालेला असतो, कानाला धक्का बसत नाही. दुसऱ्या डाइव्हच्या आधी पुन्हा तेच. हातमोज्यात कोमट पाणी गेल्यावर माणसाचा चेहरा कसा बदलतो ते पाहण्यासारखं असतं.

परदेशातून येणाऱ्याला मापांचाही घोळ सतावतो. इथे खोली फुटांत आणि हवा पीएसआयमध्ये मोजतात. भारतात मीटर आणि बार वापरणाऱ्याला पाचशे पीएसआय म्हणजे जेमतेम पस्तीस बार, हे पाण्याखाली आठवत बसायला वेळ नसतो. जोडीदाराशी खुणा आणि आकडे जमिनीवरच पक्के करायचे. थंडीत श्वासही जास्त लागतो, त्यामुळे नेहमीच्या हिशेबापेक्षा आधी परत फिरायचं.

त्या जोडप्यानं दुकानातून सात मिलिमीटरचे सूट भाड्यानं घेतले. तासाभरानं परतले तेव्हा नवऱ्याचे ओठ निळे होते, तरी बोलत मात्र अखंड होता.

थंडी येते कुठून

हे अक्षांश काही ध्रुवाजवळचे नाहीत. साधारण याच अक्षांशावर भूमध्य समुद्रात लोक उन्हाळ्यात उघड्यानं पोहतात. मॉन्टेरेचं पाणी मात्र वर्षभर साधारण दहा ते पंधरा अंश सेल्सिअसमध्येच राहतं, आणि सर्वांत गार असतं ते वसंतात. मार्चपासून वायव्येचं जोरकस वारं किनाऱ्याला समांतर वाहू लागतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खालून गार पाणी वर येतं. त्या पाण्यात खतासारखी पोषकद्रव्यं असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, पाणी हिरवं होतं, आणि हाताच्या अंतरापलीकडे दिसेनासं होतं. जीवसृष्टी दाट आणि नजर आखूड, ही दोन्ही एकाच वाऱ्याची कामं. पाहुणे जून-जुलैत येतात, तेव्हा धुकंही असतं. गावातले लोक सप्टेंबरची वाट पाहतात. वारं पडतं, पाणी निवळतं, एखाद-दोन अंश उबदारही होतं.

थंडीचा धडा इथे नवा नाही. 1897 साली जपानच्या चिबा प्रांतातून गेन्नोसुके कोदानी हा तरुण ॲबलोनच्या शोधात आला. ॲबलोन म्हणजे खडकाला चिकटून राहणारी मोठी, चविष्ट समुद्री गोगलगाय. त्यानं मायदेशाहून पाणबुडे आणले. त्यांची रीत अंगावर फारसं काही न घालता, डोळ्यांना चष्मा लावून श्वास रोखून बुडी मारायची. मॉन्टेरेच्या पाण्यात ती रीत टिकली नाही. मग शिरस्त्राण आणि अंगभर पोशाख घालून, वरून पंपानं हवा घेणारे पाणबुडे आणले गेले, आणि जवळच्या पॉइंट लोबोसच्या व्हेलर्स कोव्हमध्ये ॲबलोन डबाबंद करायचा कारखाना उभा राहिला. त्याच कोव्हच्या उतारावरून आज हौशी पाणबुडे पाण्यात शिरतात.

आजचा वेटसूटही याच परिसरातला. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की ऊब राखायला अंग कोरडं असण्याची गरज नाही. कापडातच वायू कोंडलेला असला की पुरे. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओनील यांनी लाटांवर खेळणाऱ्यांसाठी दुकान उघडलं आणि निओप्रिनचे सूट घरोघरी पोचवले. ज्यांना वर्षभर इथेच उतरायचं ते आता ड्रायसूट घेतात. तो महाग असतो आणि त्याचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. पाहुण्यानं भाड्याच्या ड्रायसूटमध्ये पहिल्यांदाच समुद्रात उतरू नये, असं मला भेटलेल्या प्रत्येकानं सांगितलं.

लाटेचा हिशेब

शुक्रवारी रात्री इथल्या पाणबुड्यांच्या घरी एकच उद्योग चालतो. समुद्रात तरंगणाऱ्या सरकारी बोयांची मापं फोनवर बघायची. नवखा फक्त लाटेची उंची पाहतो. जुना माणूस आधी दोन लाटांमधले सेकंद पाहतो. आठ सेकंदांनी येणारी लाट जवळच्या वाऱ्याची. ती पाणी खवळवते, पण तिच्यात वजन कमी. तीच उंची पंधरा-सोळा सेकंदांनी येत असेल तर ती अलास्काकडच्या एखाद्या वादळातून निघून शेकडो मैल चालत आलेली असते. तिचा जोर खोलवर पोचतो आणि किनाऱ्यावर ती ताठ उभी राहून कोसळते. आकडा एकच, पण एका दिवशी तुम्ही मजेत उतरता आणि दुसऱ्या दिवशी नाष्टा करून घरी जाता.

शिवाय या लाटा टोळ्यांनी येतात. दहा मिनिटं समुद्र शांत, मग पाच-सहा मोठ्या. म्हणूनच ते 'आधी पाणी बघा'. पंधरा-वीस मिनिटं उभं राहिल्याशिवाय समुद्राचा खरा स्वभाव दिसत नाही. गाडी लावून लगेच सूट चढवणाऱ्याला तो फक्त मधला शांत तुकडा दिसलेला असतो.

जागा निवडायची तीही लाटेवरून. वायव्येची लाट मोठी असेल तर ब्रेकवॉटरचा आडोसा. मध्यम असेल तर शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावातला लव्हर्स पॉइंट, शक्यतो भरतीला, कारण ओहोटीला तिथले निसरडे खडक उघडे पडतात. समुद्र अगदी निजलेला असेल तरच कारमेलच्या बाजूला. आणि कुठेही असो, सकाळी लवकर. दुपारी वारं उठतं.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न मात्र लाटेचा नसतो, शार्कचा असतो. पांढरा शार्क या उपसागरात आहे. 2022 मध्ये लव्हर्स पॉइंटला एका पोहणाऱ्यावर हल्ला झाला, तो वाचला. पण गावातले पाणबुडे शार्कबद्दल विचारलं तरच बोलतात आणि लाटेबद्दल न विचारता.

मोनॅस्ट्रीची पुळण

कारमेलच्या दक्षिणेला, हमरस्त्याला लागून एक देखणी पुळण आहे. समोर कार्मेलाइट जोगिणींचा मठ, म्हणून मोनॅस्ट्री बीच. काठाजवळच समुद्रतळ खोल दरीत उतरतो, त्यामुळे पाण्याखालचं दृश्य काय वर्णावं. पण या पुळणीला स्थानिकांनी 'मॉर्च्युरी बीच' असंही नाव ठेवलंय, आणि ते गंमत म्हणून नाही. इथे माणसं बुडाली आहेत, त्यांत नुसतं पाण्यात पाय भिजवायला गेलेलेही आहेत.

कारण वाळूत आहे. ती जाड, भरड, ज्वारीच्या कण्यांसारखी, आणि उतार विलक्षण उभा. खोल पाण्यातून आलेल्या लाटेला मोडायला जागाच मिळत नाही. ती थेट काठावर आदळते. पाय वाळूत रुततो, परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि अंगावर तीस-पस्तीस किलोचं सामान घेतलेला माणूस एकदा पडला की त्याला उठता येत नाही. तेवढ्यात पुढची लाट डोक्यावर.

त्यावर इथला उपाय बिनदिक्कत रांगण्याचा. परत येताना फुटत्या लाटांच्या बाहेर थांबायचं, मोठी टोळी जाऊ द्यायची. मग एका लाटेच्या पाठोपाठ जोरात पोहत यायचं. हाताला वाळू लागली की उभं राहायचं नाही. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, आणि चारी हातापायांवर रांगत थेट कोरड्या वाळूपर्यंत जायचं. मध्ये थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, फोटोसाठी उठायचं नाही. लाट अंगावरून गेली तरी तोंडात हवा आहे, चिंता नाही. मी रस्त्याकडेला उभा असताना एक पांढऱ्या मिशीचे गृहस्थ असे रांगत वर आले. कोरड्या वाळूवर पोचल्यावर त्यांनी मास्क काढला आणि मला "गुड मॉर्निंग" म्हटलं. चाळीस वर्षं इथे उतरणारा माणूस रांगतो आणि नवखा लाजेनं उभा राहतो, अपघाताची गोष्ट बहुतेक वेळा एवढीच असते. पुळणीच्या मधल्या भागात तर कुणी उतरतच नाही. जे जातात ते दोन्ही टोकांना, आणि तेही वर्षातल्या मोजक्या दिवशी. पाहुण्याला माझंही सांगणं तेच राहील. मोनॅस्ट्री रस्त्यावरून बघा.

केल्पच्या रानात

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर ब्रेकवॉटरच्या बाजूलाच, थोड्याशा मेहनतीवर मिळतं. केल्प हे शैवाल, पण उंची झाडाची. तळाच्या खडकाला मुळासारख्या बोटांनी धरून ते पृष्ठभागाकडे चढतं. पानापानाच्या देठाशी हवेचा फुगा असतो, त्यानं ते ताठ राहतं. अनुकूल दिवसांत हे दिवसाला फूट-दीड फूट, कधी दोन फूटही वाढतं. वर पोचल्यावर आडवं पसरून छत धरतं. खाली उभं राहून वर पाहिलं की पिवळसर उजेडाचे कवडसे पानांतून झिरपताना दिसतात, आणि निळे रॉकफिश अधांतरी थांबलेले असतात. दिसतं किती, तर चांगल्या दिवशी सात-आठ मीटर. तेवढं भरपूर झालं. कमी दिसतं म्हणून जोडीदार मागे-पुढे न राहता खांद्याला खांदा लावून पोहतात. चुकामूक झाली तर मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं.

केल्पमध्ये अडकणं ही पाहुण्यांची मोठी भीती. वाटाडीनं ती पाण्यात उतरण्याआधीच काढून टाकली. किनाऱ्यावर वाहून आलेला एक देठ तिनं माझ्या हातात दिला आणि ओढायला सांगितलं. तुटेना. मग दुमडायला सांगितलं, आणि कट्कन मोडला. अडकल्यावर गोल फिरायचं नाही, झटके द्यायचे नाहीत, थांबायचं, आणि हाताला येईल तो देठ दुमडून मोडायचा. पाठीमागे टाकीच्या नळीपाशी गुंतलं असेल तर ते काम जोडीदाराचं. अडकायला जागाच ठेवू नये हे उत्तम: फिन्सच्या पट्ट्यांची लोंबती टोकं टेपनं चिकटवायची, सुरी पोटरीला न बांधता छातीपाशी ठेवायची.

छताखालून परतण्याइतकी हवा नेहमी शिल्लक ठेवायची. हवा संपवून छताच्या मधोमध वर आलात, तर पृष्ठभागावरून पालथं पडून, पानं हातांनी खाली दाबत स्वतःला पुढे ओढावं लागतं. त्याला 'केल्प क्रॉल' म्हणतात. करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि वाहनतळावरच्या लोकांची करमणूक होते.

तळाशी लाटेचा हेलकावा सतत पुढे-मागे झुलवत राहतो. झगडायचं नाही. मागे नेईल तेव्हा स्वस्थ राहायचं, पुढे नेईल तेव्हा पाय मारायचे. सील येऊन फिन्स चावून बघतात. त्यांना येऊ द्यावं, आपण मागे लागू नये. समुद्रसिंहाचा दांडगा नर पाण्यात भुंकू लागला तर तो खेळत नाहीये, तिथून निघावं. ऑटरपासून, म्हणजे समुद्री पाणमांजरापासून, लांब राहावं, कायद्यानंही. कातड्यासाठी झालेल्या शिकारीनं हे प्राणी इथून संपलेच असं लोक धरून चालले होते. 1938 साली बिग सूरच्या किनाऱ्याला त्यांचा एक छोटा कळप पुन्हा नजरेस पडला, आज दिसतात ते त्यांचे वंशज.

लव्हर्स पॉइंटच्या राखीव क्षेत्राला ज्युलिया प्लॅट यांचं नाव आहे, ते वाचून उगाच पुढे जाऊ नये. या प्राणिशास्त्रज्ञ बाईंना त्या काळी विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. म्हातारपणी, 1931 मध्ये, त्या पॅसिफिक ग्रोव्हच्या महापौर झाल्या आणि सार्डिनच्या कारखान्यांची घाण वाढत असताना त्यांनी गावासमोरचा समुद्र राखून ठेवला. पुळणीवर जाणारं फाटक कुणीतरी कुलूप लावून बंद केलं तेव्हा बाईंनी ते कुऱ्हाडीनं फोडलं.

विरळ झालेलं रान

जुन्या लोकांच्या सल्ल्यात आता एका गोष्टीची भर पडली आहे. 2013 पासून तारामाशांवर रोग आला आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे मोठे सूर्यफुली तारामासे गळून पडले. 2014 ते 2016 या काळात समुद्र अवाजवी तापला. जांभळ्या काटेरी अर्चिनना खाणारा तारामासा उरला नाही, अर्चिन बेसुमार वाढले आणि केल्पची बुडं कुरतडू लागले. काही जागी रान जाऊन नुसते जांभळे काटे उरले आहेत. मॉन्टेरेच्या टँकर्स रीफवर 2021 पासून काही वर्षं हौशी पाणबुड्यांना हातोडीनं अर्चिन फोडायची परवानगी दिली होती. शनिवारची सुट्टी पाण्याखाली हातोडी मारण्यात घालवणारे लोक मला भेटले, त्यात एक नाशिकचा होता. पाहुण्यानं आपल्या मनानं हातोडी उचलू नये. कुठे काय चालतं ते कोव्हागणिक बदलतं. विचारून घ्यावं.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी

तारकर्ली-मालवणला शिक्षकाचा हात धरून पाच-दहा मिनिटं खाली गेलेले आणि तो व्हिडिओ फोनमध्ये बाळगणारे पुष्कळ आहेत. अनुभव म्हणून तो छानच. पण मॉन्टेरेत तेवढ्यावर टाकी मिळत नाही. मान्य संस्थेचं कार्ड दाखवल्याशिवाय दुकानदार हवा भरून देत नाही, आणि पॉइंट लोबोसला तर कार्डाबरोबर आगाऊ नोंदणीही लागते, तीही जोडीनं, मोजक्याच लोकांना. 1960 सालापासून तिथला पाण्याखालचा भागही राखीव आहे. ज्यांना कार्ड काढायचंय त्यांनी ते तारकर्लीच्या सरकारी स्कूबा संस्थेत काढावं, उबदार पाण्यात. इथे येऊन पहिली डाइव्ह स्थानिक वाटाड्याबरोबरच करावी; त्याचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. आणि डाइव्ह झाल्यावर त्याच संध्याकाळी मुलांनी लेक टाहोचा बेत आखलेला असेल तर तो मोडावा. टाहो जवळजवळ एकोणीसशे मीटरवर आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन अंगात असताना घाटानं चढणं हे लगेच विमानात बसण्याइतकंच घातक. मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

कार्ड नसेल किंवा थंडी नको असेल तर मासे डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवर 1984 पासून मत्स्यालय आहे. तिथल्या अठ्ठावीस फूट उंच टाकीत खराखुरा केल्प वाढतो, आणि ठरावीक वेळी आत उतरलेला पाणबुड्या माशांना भरवता भरवता काचेबाहेरच्या लोकांशी बोलतो.

पाणी सर्वांत निवळ असतं ते सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे दिवाळीला मुलांकडे जाणार असाल तर हंगाम बरोबर साधतो. सूट मॉन्टेरेतच भाड्यानं घ्या, घरून नेऊ नका.